सव्विसावा भाग

पंचविसाव्या भागाच्या शेवटी
कॅप्टन ओर्साने दाराच्या कडीवर हात ठेवला
आणि वाहिनीने मालिका बंद केली.
त्याला आता चोवीस वर्षं झाली.
हात अजून कडीवरच आहे.

डुलुथमध्ये आम्ही सहाजण.
व्हर्ना लाहटी पडदे शिवते;
दीपगृहावरचे ते पिवळे रेनकोट
तिनेच शिवलेत सगळ्यांना,
दर दोन वर्षांनी कमरेत सैल करून देते
आणि काही बोलत नाही.
कॉर्लिस, धान्याच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी.
हाल्वर आणि लेफ हे सख्खे भाऊ,
एकमेकांशी बोलतात ते फक्त या मालिकेबद्दल.
एकाचं मत, दारामागे तळं आहे.
दुसऱ्याचं, दारामागे आणखी एक दार.
मी रात्री रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवते.
दारामागे काय, याची माझी उत्तरं
दर वळणाला बदलतात.

भिजत घोंगडं, लोक म्हणायचे, सोडा आता.
आम्ही त्याच घोंगड्याखाली
चोवीस हिवाळे काढले.
ओलं होतं. पण ऊब होती.

ऑक्टोबरात बातमी आली : सिनेमा येतोय.
तीच माणसं, तेच दार.
व्हर्नाने मशीन थांबवलं.
कॉर्लिस फोनवर नुसताच श्वास घेत राहिला.
मग झलक आली, एक मिनिट चार सेकंदांची,
ती आम्ही थांबवत थांबवत रात्रभर पाहिली :
कंदिलाची काच बदललीय,
जिना उलट्या बाजूला वळतो,
कॅप्टनच्या हनुवटीखाली कातडी सुटलीय.
‘‘म्हातारी झाली,’’ लेफ म्हणाला.
व्हर्ना म्हणाली, ‘‘तू उभा राहा चोवीस वर्षं
कडी धरून. मग बोल.’’

सहावा आर्विड.
सगळ्या कॅसेटी त्याच्याकडे,
त्याच्या तिरक्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट.
गेल्या तीन वर्षांत त्याचं बरंच काही गेलं :
बायकोचं नाव, शेगडी बंद करायचं भान,
तळ्याकडे जायचा रस्ता,
जो घरापासून नुसता उतार आहे.
मंगळवारी मुलगी त्याला पंचविसावा भाग लावून देते.
तो पहिल्यांदाच पाहतो.
हात कडीवर जातो, पडदा काळा होतो,
आणि आर्विड मांडीवर थाप मारतो :
‘‘आता पुढच्या मंगळवारी!’’
त्याच आनंदात जेवतो,
त्याच आनंदात झोपतो.
आमच्यापैकी कुणाकडेच
इतका जवळचा मंगळवार नाही.

तर प्रश्न असा, की त्याला न्यायचं का.
हाल्वर म्हणतो, हक्क आहे त्याचा.
कॉर्लिस म्हणतो, दार उघडलं
तर याचा मंगळवार बंद होईल.
लेफ म्हणतो, विसरेलच की तो घरी पोचेपर्यंत.
मग कुणी बोललं नाही बराच वेळ.
विसरता न येणारे आम्हीच होतो त्या खोलीत.
आम्ही पाहिलं की पाहिलं.

खरं सांगू? काल रात्री बंदराच्या रस्त्यावर
पातं खाली करताना
माझ्या मनात आलं, वादळ यावं.
पूल बंद, वीज बंद, खेळ रद्द.
एक आठवडा फक्त. जास्त नको.
आणि हे मनात आणणारी बाई
बर्फ हटवण्याचा पगार घेते.

पहिला खेळ फेब्रुवारीत, रात्री अकराला.
तापमान उणे एकवीस सांगतायत.
मी पाळी बदलून घेतलीय.
व्हर्नाने सहाही रेनकोट इस्त्री करून
बाकावर ओळीने ठेवलेत.
आर्विडच्या कोटाच्या खिशात त्याच्या मुलीने
एक चिठ्ठी घातलीय : त्याचं नाव, तिचा नंबर,
आणि खाली ठळक अक्षरांत,
‘आज मंगळवार आहे.’

सिनेमा शुक्रवारी आहे.
चिठ्ठी सगळ्यांनी वाचली,
घडी घालून परत ठेवली.